देणगी की कमाई? ख्रिस्ती धर्मातील तारणविचार

नाताळ म्हटला की भेटी आल्या. लेकरांच्या उशाशी खेळणे, शेजारच्या घरी फराळाचे ताट, गोरगरिबांस वस्त्र, अशी देण्याची धांदल वसईपासून नगरपर्यंतच्या ख्रिस्ती घरांतून या दिवसांत चाललेली असते. या सणाचा गाभाच मुळी देणगीचा आहे. बेथलेहेमच्या गोठ्यात जन्मलेले बालक हे ईश्वराने मनुष्यजातीला दिलेले दान होय. ते कोणी कमावले नव्हते व त्याचे मोल कोणी चुकते केले नव्हते, अशी ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा आहे. मग विचारी माणसापुढे सहजच प्रश्न उभा राहतो. तारण जर दान असेल, तर मनुष्याने करावयाचे काय? उपवास, प्रार्थना, दानधर्म, सदाचार यांना मग किंमत किती? आणि त्यांना किंमत असेल, तर दानाला दान कसे म्हणावे?

हरिकीर्तन करणाऱ्याने या प्रश्नात का पडावे, असे वाचक विचारतील. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

काही वर्षांमागे आमच्या क्षेत्री एका एकादशीचे कीर्तन आटोपून आम्ही उपरणे घडी करीत होतो. मंडळी पांगली होती. सभामंडप रोज झाडणाऱ्या एक वृद्ध बाई खांबाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बुवा, माझा लेक दारूपायी गेला. कधी माळ हाती धरली नाही, कधी देवळाची पायरी चढला नाही. मी त्याच्या नावाने रोज मंडप झाडते. ते त्याला पोचत असेल का?” आम्ही शास्त्राधाराने उत्तर दिले. संचित, क्रियमाण, प्रारब्ध यांची फोड केली. ज्याचे कर्म त्याला, हेही सांगितले. बाईंनी नमस्कार केला आणि त्या खाली मान घालून निघून गेल्या. आमच्या उत्तरात शब्दाची चूक नव्हती. पण त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. जन्मभर ग्रंथ चाळलेल्या माणसाचे उत्तर एका आईच्या कामी येऊ नये, हे शल्य मनात राहिले. त्या शल्यापोटी आम्ही जे वाचीत गेलो, त्यात ख्रिस्ती धर्माचा इतिहासही आला. आणि पाहतो तो, आमच्या मंडपातला प्रश्न त्या धर्मात जवळजवळ दोन हजार वर्षे धगधगत असलेला दिसला. त्या प्रश्नावरून धर्मसभा भरल्या, बहिष्कार पडले, आणि अखेर युरोपातील ख्रिस्ती समाज दुभंगला. त्याची ही थोडक्यात हकीकत.

द्राक्षमळ्याचे आख्यान

आमच्या परंपरेप्रमाणे आधी आख्यान सांगू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दृष्टांत आहे. एक मळेवाला भल्या पहाटे बाजारात गेला आणि दिवसाला एक दिनार ठरवून त्याने मजूर लावले. पुढे तो सकाळी नऊच्या सुमारास गेला, दुपारी गेला, तिसऱ्या प्रहरी गेला. दर वेळी रिकामे उभे असलेले आणखी मजूर त्याला मिळाले. दिवस मावळावयास तासभर उरला असता तो पुन्हा गेला, तेव्हाही काही माणसे उभीच होती. कोणीच आपल्याला कामाला लावले नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांनाही त्याने मळ्यात पाठविले.

सायंकाळी मजुरी वाटावयाची वेळ आली. मालकाने कारभाऱ्यास शेवटच्यांपासून सुरुवात करावयास सांगितले. तासभर राबलेल्यांच्या हातावर एकेक दिनार पडला. हे पाहून पहाटेपासून घाम गाळणाऱ्यांना वाटले की आपल्याला अधिक मिळणार. पण त्यांच्याही हातावर एकच दिनार आला. ते कुरकुरले. त्यावर मालकाचे म्हणणे असे की, ठरले तेवढे तुम्हाला मिळाले. माझे धन मी कोणाला द्यावे हे माझे मी पाहीन. माझ्या उदारपणाने तुम्हाला का पोटदुखी व्हावी?

हा दृष्टांत आम्ही प्रथम वाचला तेव्हा आमचे मन पहाटेच्या मजुरांच्या बाजूने धावले, हे प्रांजळपणे सांगतो. चाळीस वर्षे कीर्तन करणाऱ्याला आपण पहाटेचेच मजूर आहो असे वाटणारच! परंतु दिनार म्हणजे एका दिवसाची रोजंदारी, म्हणजे घरातल्या माणसांची त्या दिवसाची भाकरी. सायंकाळच्या मजुराच्या घरीही लेकरे होती, आणि तासाच्या हिशेबाने पैसे मिळते तर ती उपाशी निजली असती. दृष्टांतात कष्टांची थट्टा नाही. कष्टांच्या बळावर दुसऱ्याच्या भाकरीकडे डोळे वटारण्याची मात्र आहे.

परंतु त्याच शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात दुसरे चित्र आहे. तेथे अंतिम न्यायाच्या वेळी राजा माणसांची निवड करतो, ती भुकेल्याला अन्न दिले की नाही, उघड्याला वस्त्र दिले की नाही, तुरुंगातल्याला भेटले की नाही, यावरून. एका ठिकाणी हिशेबच मोडलेला, तर दुसऱ्या ठिकाणी कृतीवरून निवाडा. वादाचे बीज येथेच आहे.

पौल आणि याकोब

हे बीज नव्या करारातील पत्रांतून अंकुरले. प्रेषित पौल हा मुळात कडवा परूशी, यहुदी नियमशास्त्राचा काटेकोर उपासक. ख्रिस्ती लोकांचा छळ करावयास तो दमास्कसला निघाला असता वाटेतच त्याला ख्रिस्तदर्शन घडले आणि त्याचे जीवन पालटले. ज्याला शिक्षा व्हावयाची त्याला पाचारण झाले! या अनुभवातून त्याचा सिद्धान्त निघाला. मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी ईश्वरापुढे नीतिमान ठरत नाही. तो विश्वासाने व कृपेने ठरतो. आणि ही कृपा दान आहे, जेणेकरून कोणी फुशारकी मारू नये. रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या त्याच्या पत्रांचा हाच कणा आहे.

याकोबाच्या पत्राचा सूर वेगळा. भाऊबंद थंडीने काकडत असता त्याला नुसते तोंडाने सुखी राहा म्हणणारा विश्वास काय कामाचा, असे तो विचारतो. कृतीवाचून विश्वास त्याच्या लेखी मेलेला आहे. गंमत अशी की पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात. एक विश्वासासाठी, दुसरा कृतीसाठी. आणि खुद्द पौलानेही फिलिप्पैकरांस लिहिताना भीत व कापत आपले तारण साधून घ्या असे बजावले आहे, आणि लगेच पुढे जोडले आहे की तुमच्या ठायी इच्छा व कृती घडविणारा ईश्वरच आहे. एकाच वाक्यात दोन्ही पक्ष नांदतात. पुढच्या पंधरा शतकांनी ते वाक्य फोडून अर्धेअर्धे वाटून घेतले, असे म्हटले तरी चालेल.

ऑगस्टीन आणि पेलेजियस

या वादाचा पहिला मोठा अंक पाचव्या शतकाच्या आरंभी घडला. ऑगस्टीनचा जन्म इ. स. 354 मध्ये उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियातील थगास्ते या गावी झाला. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ, पण तारुण्य विषयांत वाहावलेले. आई मोनिका त्याच्यासाठी वर्षानुवर्षे रडत व प्रार्थना करीत राहिली. त्याने पुढे लिहिलेल्या आत्मनिवेदनात सोळाव्या वर्षी केलेल्या पेरूसारख्या एका फळाच्या, नासपतीच्या, चोरीचा प्रसंग आहे. भूक नव्हती, फळेही धड नव्हती. डुकरांपुढे टाकण्यासाठी चोरली. चोरीत गोडी होती ती केवळ चोरीची. या क्षुल्लक गोष्टीवर तो पाने खर्ची घालतो, कारण मनुष्याची इच्छाच आतून वाकलेली आहे हे त्याला तिच्यात दिसले. पुढे सत्य कळूनही पाऊल उचलेना, अशा अवस्थेत 386 साली मिलान येथील एका बागेत तो पालटला आणि दुसऱ्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. आपण चढून आलो नाही, आपल्याला उचलून घेतले, अशी त्याची खात्री झाली.

याच सुमारास रोमनगरीत पेलेजियस नावाचा ब्रिटनकडील तपस्वी नाव मिळवून होता. ऑगस्टीनच्या ग्रंथातील एक प्रार्थना त्याच्या कानी आली. तिचा आशय असा की, देवा, तू आज्ञा कर, पण आज्ञा पाळण्याचे बळही तूच दे. हे ऐकून पेलेजियस खवळला. बळही देवानेच द्यावयाचे तर माणसाने हातपाय गाळून बसावे की काय? रोममधल्या सुखवस्तू ख्रिस्ती लोकांची ढिलाई तो रोज पाहत होता. देवाने आज्ञा केली त्या अर्थी ती पाळण्याची शक्तीही त्याने मनुष्याच्या स्वभावात घातलीच आहे; कारणे सांगू नका, उठा आणि चांगले वागा, हा त्याचा उपदेश होता.

पेलेजियसला इतिहासाने पाखंडी ठरविले. 418 साली कार्थेज येथील धर्मसभेने त्याच्या मतांचा निषेध केला. तरीही त्याच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. प्रत्येक कीर्तनकार निम्मा पेलेजियस असतो. श्रोत्यांना जागे करावयाचे, तर ‘तुमच्याने होईल’ असेच सांगावे लागते. पण ऑगस्टीनला दिसले ते त्याला दिसले नाही. ज्याच्याने होत नाही त्याचे काय? दारूचा पेला दूर सारण्याची इच्छा असूनही ज्याचा हात पुन्हा तिकडेच जातो, त्याला ‘तुझ्याने होईल’ हे वाक्य धीर देत नाही, फटका देते. पेलेजियसचा उपदेश सशक्तांसाठी होता. ऑगस्टीनने अशक्तांची बाजू घेतली. मात्र तोही उतारवयात अशा टोकाला गेला की कृपा कोणाला मिळावयाची हे आधीच ठरलेले आहे असे त्याच्या लेखणीतून निघाले. 529 साली फ्रान्समधील ऑरेंज येथे भरलेल्या धर्मसभेने मध्यम मार्ग काढला. कृपेचा पुढाकार ईश्वराचा, हे मान्य. पण ईश्वराने कोणाला दुष्टतेसाठी नेमून ठेवले आहे, हे अमान्य. पूर्वेकडील ग्रीक परंपरेने तर हा वाद फारसा अंगाला लावून घेतलाच नाही. ईश्वर व मनुष्य यांचे सहकार्य, हीच तेथली भाषा राहिली.

मठातील संन्यासी आणि क्षमापत्रांचा बाजार

दुसरा अंक एक हजार वर्षांनंतरचा आणि अधिक दाहक. मार्टिन ल्यूथर हा 1483 साली जर्मनीत जन्मला. 1505 साली वाटेत वादळात सापडून वीज कोसळली, तेव्हा जिवाच्या भयाने संन्यासी होण्याचा नवस बोलून तो एर्फुर्टच्या मठात शिरला. उपवास, जागरणे, थंडी सोसणे, सारे त्याने आटोकाट केले. गुरूपुढे पापकबुली देण्यास बसला की तासन् तास उठेना. उठला की एखादे राहिलेले पाप आठवून परत येई. साधना वाढत गेली तसतशी शांती दूर पळाली. पुरेसे झाले, हे ठरविणार कोण? व्रते करणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक सात्त्विक जीवांना ही तळमळ अपरिचित नाही. अखेर विटेनबर्ग येथे पौलाची पत्रे शिकविताना त्याला उमगले की ईश्वराची नीतिमत्ता म्हणजे आपल्यावर उगारलेला दंडुका नव्हे. विश्वास ठेवणाऱ्याला पांघरण्यास दिलेले ते वस्त्र आहे.

त्याच काळी रोममध्ये सेंट पीटरचे भव्य मंदिर उभे राहत होते आणि त्यासाठी क्षमापत्रांची विक्री चालली होती. टेट्सेल नावाचा धर्मोपदेशक गावोगाव फिरून सांगे की, पैसा पेटीत पडला की शुद्धिस्थानात तळमळणारा तुमच्या नातलगाचा आत्मा सुटतो. ती पत्रे घेणारे कोण असतील? आमच्या डोळ्यांपुढे त्या गर्दीत मंडप झाडणाऱ्या बाई उभ्या राहतात. मेलेल्या लेकासाठी गाठीचे चार पैसे सोडणाऱ्या आया त्या गर्दीत असणारच. ल्यूथरने 31 ऑक्टोबर 1517 रोजी जी 95 विधाने पुढे मांडली, त्यांत लोकांच्या तोंडचा एक बोचरा प्रश्न नोंदला आहे. पोपना आत्मे सोडविण्याची सत्ता असेल, तर ते पैशासाठी का, केवळ प्रेमापोटी सगळ्यांनाच का सोडवीत नाहीत? दान ज्या दिवशी दुकानात गेले, त्या दिवशी ते दान राहिले नाही, हा त्या क्षोभाचा अर्थ.

पुढे ल्यूथरनेही टोक गाठले. 1524 साली महापंडित इरॅस्मस याने मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने नेमस्तपणे लिहिले, तेव्हा दुसऱ्याच वर्षी ल्यूथरने इच्छा ही बद्धच आहे असे ठणकावून प्रत्युत्तर दिले. याकोबाचे पत्र तर त्याला हलक्या तोलाचे वाटे.

कॅथलिक पक्ष कर्मानेच मुक्ती मानतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. ट्रेंट येथील धर्मसभेने 13 जानेवारी 1547 रोजी जो निर्णय दिला, त्यात कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी मनुष्य नीतिमान ठरतो, या मताचाच आधी धिक्कार केला आहे. मात्र मनुष्य हा दगडासारखा निश्चेष्ट नसतो. कृपेने हलविलेली त्याची इच्छा होकार देते, प्रसंगी नकारही देऊ शकते. आणि कृपेतून घडलेली सत्कर्मे त्या जीवनाची वाढ करतात, असे तेथे ठरले. म्हणजे भांडण कृपा हवी की नको याचे नव्हते. कृपा आल्यावर मनुष्याचा हात हलतो तो कोणाचा म्हणावा, याचे होते.

हा गुंता प्रत्येक पक्षाच्या घरातही शिरला. कॅथलिकांत मोलिना या जेझुइटाच्या 1588 सालच्या ग्रंथावरून डॉमिनिकन पंडितांशी जुंपली. रोममध्ये वर्षानुवर्षे चौकशी झाली आणि 1607 साली पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच ती संपविली; कोणी कोणाला पाखंडी म्हणू नये, एवढीच तंबी दिली. प्रॉटेस्टंटांत हॉलंडमधील आर्मिनियसच्या अनुयायांचा कॅल्व्हिनच्या कडव्या अनुयायांशी वाद पेटला आणि 1618-19 च्या डॉर्ट येथील सभेत आर्मिनियसचा पक्ष हरला. पण जे मत सभेत हरले ते पुढे इंग्लंडात जॉन वेस्लीच्या मुखाने गावोगाव गेले. 24 मे 1738 रोजी लंडनच्या एका लहानशा प्रार्थनासभेत ल्यूथरचे लेखन वाचले जात असता वेस्लीचे हृदय उबदार झाले, आपल्यालाही क्षमा मिळाली अशी त्याला खात्री वाटली. आणि तो स्वस्थ न बसता पुढे अर्धशतक घोड्यावरून उपदेश करीत हिंडला. तारण फुकट आहे, हे सांगण्यासाठी एवढे कष्ट!

मांजराचे पिलू आणि माकडाचे पिलू

संस्कृतज्ञ वाचकांना येथे दक्षिणेतील श्रीवैष्णवांचे दोन न्याय आठवल्याशिवाय राहणार नाहीत. माकडाचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगते. तो मर्कटकिशोरन्याय, वेदान्तदेशिकांच्या परंपरेचा. मांजराचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. तो मार्जारकिशोरन्याय, पिळ्ळै लोकाचार्यांच्या परंपरेचा. या साम्याने जर्मन पंडित रुडॉल्फ ओटो चकित झाले आणि 1930 साली त्यांनी भारतातील कृपाधर्म व ख्रिस्ती धर्म यांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. साम्य खरे आहे. पण दोन्हींचा आस निराळा, हे विसरता कामा नये. आपल्याकडे प्रश्न मुख्यतः बंधनाचा आणि सुटकेचा आहे, तिकडे पापाचा आणि क्षमेचा. इकडे जीव अनेक जन्मांच्या फेऱ्यात आहे, तिकडे एकाच जन्माचा निवाडा आहे. तेव्हा दोन्ही एकच, असे म्हणून हात झटकणे हे दोन्ही धर्मांचा अपमान करणे होय. पण पिलू दोन्हीकडे आईच्याच आधाराने रस्ता ओलांडते, एवढे खरे.

केडगावची ‘मुक्ती’

या प्रश्नाने महाराष्ट्रातील एका तेजस्वी जीवनाला कसे वळण दिले, ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. पंडिता रमाबाई (1858-1922) या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. वडील संस्कृतचे गाढे विद्वान. त्यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले, त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडे. म्हणजे आमच्याच व्यवसायातले. व्रते, उपास, दाने, अनुष्ठाने, यांत त्यांनी काही कमी ठेवले नाही. दुष्काळ आला, आईवडील अन्नान्न करीत गेले. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेल्या या कन्येने 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या धर्मांतराविषयी महाराष्ट्रात तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे सर्वश्रुत आहे. येथे आम्हांस त्याहून निराळी गोष्ट सांगावयाची आहे. 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी म्हटले आहे की बाप्तिस्म्यानंतरही सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्म बदलला, पण ‘मी काही तरी केले पाहिजे, तरच स्वीकार होईल’ हे ओझे तसेच राहिले होते. ते ओझे उतरले तेव्हा तारण हे फुकट दान आहे हे त्यांना जाणवले. आमच्यासारख्या वैदिक परंपरेतील माणसाला त्यांचे सर्व निष्कर्ष पटतील असे नाही. पण ज्या घरातील साधनेचा त्यांना अनुभव होता, त्या साधनेत आर्त किती आणि भय किती, हा त्यांचा प्रश्न आमच्या कीर्तनालाही विचारण्यासारखा आहे.

आणि दान मिळाल्यावर त्या काय करत्या झाल्या, तेही पाहावे. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी जी संस्था उभारली तिचे नाव ‘मुक्ती’. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. तेथे शेती चालली, माग चालले, छापखाना चालला. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले आणि देहावसानापूर्वी ते पुरे केले. ज्यांनी तारण फुकट म्हटले, त्यांच्या हाताला विसावा नव्हता. वेस्लीचे तेच, रमाबाईंचे तेच. फुकट मिळाल्याने माणूस आळशी होतो, हा पेलेजियसचा धाक येथे तरी खोटा ठरला.

स्वस्त कृपा

तो धाक सर्वत्र खोटा ठरला, असे मात्र म्हणवत नाही. ल्यूथरच्याच जर्मनीत, ल्यूथरच्याच पंथातील डीट्रिख बोनहॉफर या तरुण पास्टरने 1937 साली एका ग्रंथात ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरून आपल्या धर्मबांधवांना जागे केले. पश्चात्तापावाचून क्षमा, अनुसरणावाचून कृपा, ही बाजारातील स्वस्त वस्तू होय. खरी कृपा फुकट असली तरी महाग असते, कारण ती सारे जीवन मागते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. हिटलरची राजवट माणसे छळीत असता ‘आमचे तारण तर झालेच आहे’ म्हणून कित्येक चर्चे गप्प बसली होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. बोनहॉफर गप्प बसले नाहीत. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. याकोबाच्या पत्राचा एवढा खरा भाष्यकार ल्यूथरच्या घराण्यात निपजावा, हा इतिहासाचा न्याय म्हणावयाचा.

काही शतकांनी हस्तांदोलन

शेवटचा अंक गोड आहे. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग या शहरी कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन संघ यांच्या प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. मनुष्याचा स्वीकार केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरील विश्वासाने होतो, त्याच्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे; आणि तीच कृपा अंतःकरण नवे करून त्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करते, एवढे दोघांनी मिळून मान्य केले. सोळाव्या शतकातील परस्परांवरील निषेध या मान्यतेला लागू होत नाहीत, असेही ठरले. 2006 साली मेथडिस्ट आणि 2017 साली कॅल्व्हिनच्या परंपरेतील चर्चेही त्यात सामील झाली. सर्व भेद मिटले असे नाही. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, यावर कॅथलिक व प्रॉटेस्टंट आजही एक नाहीत. पण ज्या प्रश्नावरून घरे फुटली, त्याच प्रश्नावर दोन्ही घरांची वडीलधारी माणसे एका टेबलाशी बसली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पुन्हा सभामंडपात

आता आमच्या मंडपात परत येऊ. एवढे वाचून आम्हांस काय मिळाले? आम्ही आपला मार्ग सोडला नाही. सोडण्याचे कारणही नाही. कर्माचा सिद्धान्त आम्ही मानतो. पण तो सिद्धान्त स्वतःला बजावण्यासाठी आहे, शोक करणाऱ्या आईच्या पदरात टाकण्यासाठी नाही, एवढी उमज पडली. पहाटेच्या मजुराने आपला दिनार घ्यावा आणि घरी जावे; सायंकाळच्या मजुराच्या हातात किती पडले ते मोजू नये. मोजणारा धनी निराळा आहे, आणि तो उदार आहे, असे आपले संतही सांगत आले. भागवतातील अजामिळाची कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली होती. पण मृत्यूच्या घटकेला पोराला हाक मारणाऱ्या त्या पतित बापावर जी करुणा झाली, ती दारूपायी गेलेल्या एका लेकावर होऊ शकते, हे आम्हालाच सुचले नव्हते.

गेल्या कार्तिकीनंतर एके पहाटे त्या बाई मंडप झाडताना भेटल्या. त्या आता फार थकल्या आहेत. आम्ही म्हणालो, “आजी, त्या रात्री आम्ही तुम्हाला अर्धेच उत्तर दिले होते. तुमच्या लेकाचा हिशेब आमच्या हाती नाही, आणि ज्याच्या हाती आहे तो हिशेबापेक्षा मोठा आहे. तुम्ही मंडप झाडता ते त्याच्या खात्यावर जमा व्हावे म्हणून झाडू नका.”

बाईंनी खराटा भिंतीला टेकला, कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “हिशेब कुणी मांडला, बुवा? आता झाडल्यावाचून मला चैन पडत नाही, म्हणून झाडते.” आणि त्यांनी पुन्हा खराटा हाती घेतला.

ट्रेंट आणि विटेनबर्ग येथील पंडित त्या पहाटे आमच्या मंडपात असते, तर त्यांनी त्या झाडण्याला देणगी म्हटले असते की कमाई, कोण जाणे. आम्ही मात्र उपरणे खांद्यावर टाकून उरलेला निम्मा मंडप झाडावयास लागलो. आमचे ख्रिस्ती बंधुभगिनी या नाताळात दानाचा उत्सव करीत आहेत. त्यांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा, आणि त्यांच्या दारी या सणाला जे कोणी रिकाम्या हाताने, अगदी सायंकाळी, येतील त्यांनाही.